आठ दिवसांची दाढी

एदिर्ने शहरात, तुंजा नदीच्या जुन्या पुलापाशी
माझं दुकान. तीन खुर्च्या. त्यातली खिडकीजवळची
रुश्तू पैलवानाची.
चोवीस वर्षं मी त्याची दाढी केली.

पूर्वी दर दोन दिवसांनी यायचा.
गालावर वस्तरा टेकला की
तव्यावरची करपट खरवडावी तसा आवाज.
मी म्हणायचो, तुझ्या एका दाढीत माझं पातं बसतं,
दुप्पट पैसे घ्यायला हवेत.
तो हसायचा, आणि आरसा हलायचा.

मग चार दिवसांनी येऊ लागला.
मग आठ.
वस्तऱ्याखाली आता काही वाजेना.

न्हावी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलतो,
नगराध्यक्षाच्या मेव्हण्याबद्दल बोलतो,
गालावर जे उगवायचं थांबलंय
त्याबद्दल कसं बोलणार?

पाणी मागायचा. परत पाणी.
तोंडाला फेस तसाच ठेवून उठायचा,
मागच्या अंगणातल्या संडासात जाऊन यायचा,
आणि चहात तीन खडे साखर.
कुस्तीची चामड्याची विजार,
तेल चोपडून जी घालून तो उन्हात उतरायचा,
ती घरी खिळ्यावर सुकत होती.
बेंबीखालची दोरी टोकाला टोक भिडेना.
वय झालं, लोक म्हणाले.
मीही म्हणालो.
मुरुव्वेत वहिनी काहीच म्हणाली नाही.
लिंबं घेऊन दुकानावरून जाताना
काचेतून त्याच्याकडे बघायची,
हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी.

एका संध्याकाळी शटर अर्धं ओढलेलं असताना
वाकून आत आला. दाढीसाठी नाही.
"सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं, तहसीन.
साखर निघाली. ते ठीक, माझ्या बापालाही होती.
पण ती डॉक्टरीण, निल्गून, माझ्या थोरलीच्या वयाची,
म्हणाली, अजून एक तपासायचंय.
आणि मग तिनं विचारलं..."
"काय विचारलं?"
"तू कधी विचारलं नाहीस ते."

मी वस्तरा पुसत राहिलो. तो कोरडाच होता.

मग त्यानंच सांगितलं, तिनं कागदावर काढून दाखवलेलं,
गोल गोल बाण:
पोटाची चरबी पुरुषाचं संप्रेरक गिळते,
ते घटलं की दंड-मांड्या वितळतात,
त्या वितळल्या की साखरेला जायला घर उरत नाही,
ती रक्तातच मुक्काम ठोकते,
आणि चरबी परत वाढते.
"मी म्हटलं, पोरी, सुरुवात कुणी केली?
ती म्हणाली, आजोबा,
दोन पैलवान एकमेकांना धरून पडले
की वर कोण, खाली कोण, गवताला काय त्याचं?
आणि गवत तुम्ही आहात."

आजोबा म्हणाली, हे त्याला जास्त लागलं होतं.

"औषधाचं नंतर बघू म्हणाली, आधी पोट.
मुरुव्वेतला काल सांगितलं.
मला वाटलं, हसेल.
ती म्हणाली, दोन वर्षं मी समजत होते
की तुला मी नकोशी झाले."

त्यावर दोघेही गप्प बसलो.
पुलावरून एक ट्रॅक्टर गेला.

आता पहाटे तो नदीकाठानं चालतो.
पोरांना डाव शिकवायला आखाड्यात जातो,
स्वतः मात्र कडेला उभा.
चहा बिनसाखरेचा पितो आणि
प्रत्येक घोटाला मला शिव्या देतो,
जणू साखर मीच बंद केली.
काल आला तेव्हा सहावा दिवस होता.
मी मोजतो हे त्याला ठाऊक आहे.
पातं गालावर टेकवलं, कान लावला.
बारीकसं काहीतरी वाजलं, किंवा
मला तसं वाटलं.

मान वळवता वळवता विचारून टाकलं,
"रात्री किती वेळा उठतोस?"
"एकदा."
"आणि बाकीचं?"
त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"वस्तरा चालव," तो म्हणाला.